सीतेची वेणी

मराठीत रानफुलांना नावे कोणी दिली, याची नोंद कुठे सापडत नाही. पण सह्याद्रीतल्या झाडांवर वाढणाऱ्या एका फुलाला ‘सीतेची वेणी’ हे नाव ज्या कोणी दिले, ती एखादी बाईच असावी असे मला नेहमी वाटते. मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की आंब्याच्या किंवा जांभळाच्या जुन्या फांदीवरून हातभर लांबीचा एक घोस खाली लोंबू लागतो. शंभरावर इवलीइवली पांढरी फुले, अंगावर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि सगळी अशी दाटीने गुंफलेली की मधला देठ दिसू नये. रोज सकाळी लेकीची वेणी घालणाऱ्या हातांनाच त्यातली गुंफण ओळखू येईल. कोणी तिला द्रौपदीची वेणी म्हणतात. तिकडे आसामात तिचे नाव कोपौ. रोंगाली बिहूच्या सणात नाचणाऱ्या मुली तोच घोस अंबाड्यात खोवतात, आणि आसामने तिला आपले राज्यफूल मानले आहे. म्हणजे देशाच्या दोन टोकांना, एकमेकींना कधी न भेटलेल्या बायकांनी या फुलाची जागा केसांतच ठरवली!

वनस्पतिशास्त्रात हिचे नाव ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा’, आणि हिच्या कुळाला इंग्रजीत ऑर्किड म्हणतात. मराठीत आपण आमरी म्हणतो. आमरी घरी वाढवण्याची हौस आता आमच्या नौपाड्यातही चांगलीच पसरली आहे. एके काळी इथे कौलारू घरे होती, घराभोवती आवार आणि आवारात आंबा-फणस होता. आता गोखले रस्त्यापासून आत कुठेही वळा, इमारतीला इमारत लागलेली दिसते आणि बाग म्हणायची ती गॅलरीच्या गजांना टांगलेली असते. त्या टांगत्या बागेत तुळस, गुलाब, मनीप्लँट यांच्या शेजारी हल्ली एखादी आमरी असते. बहुतेक घरांत ती एकदा फुलते, सर्वांकडून कौतुक करून घेते आणि वर्षाच्या आत मरते. ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून घरधनीण दुसरे रोप आणते. तिची समजूत घालावी म्हणून मला हा इतिहास सांगावासा वाटतो. कारण ज्यांच्या घरी पैशांना तोटा नव्हता, अशा सरदार-उमरावांच्या हातूनही या झाडाची हीच गत झाली होती, आणि तीही पुष्कळ वर्षे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वर्गात मी आमरीचे चित्र फळ्यावर काढले, की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, “बाई, ते बांडगूळ ना?” ते बांडगूळ नव्हे. बांडगुळाची मुळे झाडाच्या लाकडात घुसतात आणि त्याचा रस पितात. आमरी झाडाच्या सालीला फक्त धरून बसते. तिच्या जाड मुळांवर पांढऱ्या स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे, दवाचे, सालीवरून ओघळणारे पाणी ते आवरण टिपून घेते आणि त्या पाण्यात धुळीचे, कुजक्या पानांचे, पाखरांच्या विष्ठेचे जे काही विरघळलेले असेल त्यावर आमरी आपला संसार चालवते. झाडाकडून ती मागते ती केवळ जागा, उजेडाजवळची आणि वाऱ्यावरची. मुलांना मी सांगते, ही भाडेकरू आहे आणि भाडे थकवत नाही असे नव्हे, पण घरमालकाच्या स्वयंपाकघरात मात्र कधी शिरत नाही. मुले हसतात आणि मग विसरत नाहीत.

मुलांच्या या गोंधळाला थोर संगतही आहे. संस्कृतात ‘वंदा’ म्हणजे झाडावर वाढणारी बांडगुळासारखी वनस्पती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी हाच शब्द एका आमरीसाठी वापरला, आणि पुढे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० साली तो शास्त्रात कायम केला. आज जगभरच्या फुलबाजारांत जिला ‘व्हँडा’ म्हणतात, ती आपली वंदाच. बंगालकडचे वैद्य तिच्या एका जातीची मुळे ‘रास्ना’ म्हणून औषधात घालत आले आहेत. तेव्हा ही वनस्पती आपल्याला साहेबाने दाखवली, असे समजण्याचे काही कारण नाही.

किंबहुना साहेबाला ती दाखवली आपल्या माणसांनी. सतराव्या शतकात कोचीन डचांच्या ताब्यात होते आणि तिथला डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ रचायला घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापून निघाले. झाडांची नावे आणि गुण सांगणाऱ्यांत केरळातला वैद्य इट्टी अच्युतन होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. गोव्याकडून दक्षिणेत जाऊन स्थायिक झालेल्या समाजातली ही माणसे. आपण सांगितलेली माहिती खरी आहे, असे त्यांनी १६७५ साली कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत लिहून दिले, आणि ते पत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले गेले. युरोपात छापल्या गेलेल्या आपल्या लिपीच्या फार जुन्या नमुन्यांपैकी तो एक आहे. या ग्रंथाच्या बाराव्या खंडात अगदी पहिलेच चित्र आहे ते आपल्या सीतेच्या वेणीचे. तिथे तिला ‘अंजेली मरवरा’ म्हटले आहे. आंजिली म्हणजे फणसाच्या जातीचा एक रानवृक्ष, त्यावर वाढणारी ती. स्वीडनचा लिनीयस १७५३ साली साऱ्या जगाच्या वनस्पतींना नावे द्यायला बसला, तेव्हा त्याने याच चित्राचा आधार घेऊन हिला ‘रेट्युसा’ हे नाव दिले. रेट्युसा म्हणजे टोकाशी खाचलेली; हिच्या पानांची टोके कोणी कुरतडल्यासारखी असतात म्हणून. १८२५ साली ब्लूम या शास्त्रज्ञाने तिला आजचे कुळनाव दिले. पाने त्यांनी नीट न्याहाळली. फुलात वेणी मात्र आपल्याच बायकांना दिसली.

चित्रे गेली तोवर ठीक होते. पुढे झाडेच जाऊ लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात या फुलांचे वेड शिरले. त्याआधी एक अडचण होती. उष्ण देशांतली रोपे जहाजाच्या चार-सहा महिन्यांच्या प्रवासात खाऱ्या वाऱ्याने मरून जात. १८२९ साली लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांनी पतंगाचा कोश जपण्यासाठी एका बंद बाटलीत ओली माती घातली होती. काही दिवसांनी तीत आपोआप नेचा उगवला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोचली. मग काय विचारता! सगळ्या जगाची राने लंडनच्या गोदीवर उतरू लागली. डेव्हनशायरच्या ड्यूकने १८३५ साली आपला जॉन गिब्सन नावाचा माळी केवळ वनस्पती आणण्यासाठी हिंदुस्थानात धाडला. तो खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ साली पेट्याच्या पेट्या आमरी घेऊन परतला.

रोपे पोचत, पण जगत नसत. तिकडच्या माळ्यांची समजूत अशी की उष्ण देशातले झाड म्हणजे त्याला रात्रंदिवस ऊब आणि ओल हवी. त्यांनी काचघरे कोंदून घेतली, खाली भट्ट्या पेटवल्या, वाफ कोंडली, कुंड्यांत माती दाबून भरली. लाखमोलाची रोपे त्या वाफेत कुजून गेली. त्याच ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा फार बारीक नजरेचा माणूस. झाड कुठून आले, डोंगरावरून की दरीतून, हे त्याने विचारायला सुरुवात केली. त्याने काचघराच्या खिडक्या उघडल्या, वारा आत घेतला, वेगवेगळ्या झाडांसाठी वेगवेगळी उष्णता ठेवली. तेव्हा कुठे आमरी इंग्लंडात टिकू लागल्या. इतक्या पैशांतून, इतक्या मरणांतून निघालेले शहाणपण एवढेच, की तिला हवा पाहिजे. आमच्या ठाण्याच्या डोंगरातल्या कोणाही ठाकराने ते पॅक्स्टनला आंब्याच्या फांदीकडे बोट करून सांगितले असते.

पण एव्हाना हाव सुटली होती. अल्बर्ट मिलिकन नावाच्या एका आमरी-शिकाऱ्याने १८९१ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात सुमारे दहा हजार रोपे मिळवण्यासाठी आपण चार हजार झाडे तोडली, असे तो त्यात सहज सांगून जातो. उंच फांदीवर चढण्यापेक्षा झाड पाडणे सोपे! मी हे वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. फुलाची हौस ही मुळात किती निरुपद्रवी गोष्ट. पण तिच्या हातात कुऱ्हाड आली की ती किती लांब जाते.

आपल्या मुंबई इलाख्यात याच काळात दुसऱ्या एका गिब्सनने वेगळे काम केले. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटलंडचे, कंपनी सरकारचे वैद्य. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतिबाग होती, तिची व्यवस्था १८३८ पासून त्यांच्याकडे होती. १८४७ साली ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातली जंगले अशीच तुटत राहिली तर झरे आणि ओढे आटतील, असे त्यांनी सरकारला १८४०च्या दशकातच लिहून कळवले होते. या दापोडीच्या बागेत त्यांनी वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराने काढली, एडिंबरोच्या वनस्पतिबागेत ती आजही जपून ठेवली आहेत. पण चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. वेणीला नाव देणारी ती बाई आणि हा चितारी यांची मला पुष्कळदा एकत्र आठवण होते.

पुढे १८६१ साली निकोल डाल्झेल आणि गिब्सन या दोघांनी मिळून ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला. त्यानंतर थिओडोर कुक आले. हे मूळचे इंजिनिअर. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल त्यांनी बांधला, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राचार्य झाले आणि उतारवयात त्यांनी इलाख्याच्या साऱ्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडाने पुरा केला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅककॅन यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी इथल्या आमरींचा नव्याने आढावा घेतला. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कपाडिया यांचे ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९६६ साली निघाले. या मंडळींनी झाड पाडून फुले नेली नाहीत. ती पायी हिंडली, पाहिली, टिपून ठेवली. माथेरान, खंडाळा, महाबळेश्वर ही त्यांची ठिकाणे. माथेरान उजेडात आणले तेही १८५० साली ठाण्याचेच कलेक्टर मॅलेट यांनी. तिथल्या झाडांवर आमरी आजही दिसतात, आणि मान वर करून चालणाऱ्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत.

एक कोडे मात्र शिल्लक होते. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात, पिठाच्या कणांसारख्या. वाऱ्यावर सोडल्या की दिसेनाशा होतात. पण पेरल्या तर रुजत नाहीत. याचे कारण फ्रान्सच्या नोएल बर्नार या तरुण शास्त्रज्ञाला १८९९ साली सापडले. आपल्या गव्हाच्या किंवा वालाच्या दाण्यात पिल्लाच्या पोटापुरती शिदोरी असते, तशी या बीत काहीच नसते. सालीवरची एक विशिष्ट बुरशी तिला भेटली तर ती तिच्याकडून खाऊ घेऊन रुजते. नाही भेटली तर मरते. लाखांतून एखाद-दुसरीचे नशीब उघडते. म्हणजे रानातून उपटलेल्या एका जून रोपाच्या मागे किती बिया वाया गेलेल्या असतात याचा हिशेब करावा. अमेरिकेतल्या लुइस नुडसन यांनी १९२२ साली बुरशीऐवजी साखर आणि क्षार घातलेल्या काचनळीत या बिया रुजवून दाखवल्या. १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या कणातून एका रोपाची असंख्य रोपे करण्याची वाट दाखवली. आज रोपवाटिकेत जी आमरी आपल्याला परवडेल अशा किमतीत मिळते, ती या दोघांच्या पुण्याईने. आता कोणाला रानात शिरण्याची गरजच उरलेली नाही.

मग आपल्या गॅलरीत ती जगवायची कशी? एवढा इतिहास ऐकल्यावर उत्तर निम्मे तरी मिळाले आहे. सीतेच्या वेणीला मातीची कुंडी नको. लाकडी पट्ट्यांची फटीफटींची टोपली घ्यावी, तीत कोळशाचे मोठे तुकडे आणि विटेचे खडे घालावेत, किंवा रोप आंब्याच्या लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने सैल बांधावे. मुळे बाहेर लोंबली तर लोंबू द्यावीत; ती आत कोंबणे म्हणजे माणसाचे नाक दाबण्यासारखे आहे. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळचे कोवळे ऊन अंगावर यावे, दुपारचे जाळीतून गाळून यावे. पाणी केव्हा घालायचे, हे कॅलेंडरला न विचारता मुळांना विचारावे. ओले मूळ हिरवट दिसते, कोरडे झाले की पांढरे पडते. पांढरे झाले की पाणी, हिरवे आहे तोवर थांबा. उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही शिंपडावे लागेल. पावसाळ्यात आमच्या ठाण्याचा पाऊस आणि वारा ही तिची सख्खी माणसे; तिला बाहेरच राहू द्यावे, फक्त पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजत नाही ना आणि रात्री गोगलगायी कोवळी मुळे खात नाहीत ना, एवढे पाहावे. नव्या मुळांची हिरवी टोके याच दिवसांत धावताना दिसतात, तेव्हा पंधरवड्याला अगदी पातळ खत चालते.

आणि दिवाळी आली की हात आखडता घ्यावा. हेच लोकांना जड जाते. थंडीत ती वाढ थांबवते, पाने जराशी निस्तेज होतात, आणि घरातल्या मायाळू माणसांना वाटते की बिचारी सुकते आहे. मग दिवसातून तीनदा पाणी. ड्यूकच्या माळ्यांनी भट्टी पेटवली होती, आपण तांब्या उचलतो. माया तीच आणि परिणामही तोच. डोंगरातल्या फांदीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिला कोण पाणी घालते? पहाटेचे दव. तेवढ्यावर ती दम धरते, आणि या धरलेल्या दमातूनच मेमध्ये घोस येतो. खरे तर आपली गॅलरी ड्यूकच्या काचघरापेक्षा श्रीमंत आहे. जी ऊब त्यांनी कोळसा जाळून आणली, ती आपल्याकडे गजाबाहेर फुकट आहे. त्या घराण्याच्या चॅट्सवर्थच्या प्रचंड काचमंदिराला पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. आतली झाडे थंडीने मेली आणि १९२० साली ती इमारतच पाडून टाकली.

आता जी गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही, ती बोलते. जूनच्या सुरुवातीला ठाण्याच्या बाजारात शेवळे येतात, मग टाकळा, कंटोळी. डोंगरपायथ्याच्या बायका पहाटे निघून पाट्या घेऊन येतात आणि त्यांच्यामुळे आमच्या घरांत रानाची चव टिकली आहे. अशाच एका पाटीत मी मागे आमरीची जुडी पाहिली. सालीसकट ओरबाडलेली, मेथीच्या जुडीसारखी सुतळीने बांधलेली, एका टोकाला अजून घोस. मी थांबले. ती म्हणाली, “घ्या ना ताई, लई झ्याक फुलतंय.” मी विचारले, “आणखी आहेत का झाडावर?” ती म्हणाली, “होती. आता लांब जावं लागतं.” तिला दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. तिला त्या जुडीचे जे चार पैसे मिळणार, त्यांची तिला गरज होती. गरज नव्हती ती विकत घेणाऱ्यांना. ‘आता लांब जावं लागतं’ या तिच्या चार शब्दांत सह्याद्रीच्या अर्ध्या कडेचा इतिहास आहे.

ठाण्याच्या अंगाचे येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. तिथून रोप उपटणे हा गुन्हा आहे. जगातल्या देशांनी १९७५ साली अमलात आणलेल्या करारात साऱ्या रानटी आमरींच्या व्यापारावर निर्बंध घातले गेले आणि पुढच्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. पण कायदा फाटकाशी उभा राहतो. फांदीपर्यंत तो पोचत नाही. फांदीपर्यंत पोचते ती आपली मागणी. ती आपण रोपवाटिकेकडे वळवली, तर त्या पाटीत शेवळे राहतील, कंटोळी राहतील, आणि घोस फांदीवर राहील.

काचनळीत जन्मलेले रोप बोटभर असते. त्याला पहिली वेणी यायला चार-पाच वर्षे सहज लागतात. पाचवीत माझ्या वर्गात आलेली मुलगी तोवर शाळा सोडायच्या वयाला येते. म्हणून घरात मूल असेल तर रोप त्याच्या नावाने आणावे, टोपली त्याच्या हाताने टांगावी, पांढरे-हिरवे मूळ ओळखण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. मधल्या वर्षांत ते कंटाळेल, विसरेल, ‘हे कधी फुलणारच नाही’ म्हणेल. म्हणू द्यावे. कुठल्या तरी मे महिन्यात पानांच्या खालून एक हिरवा कोंब वाकडा होऊन निघेल आणि खाली वळेल. तेव्हा ते मूल मोठे झालेले असेल, आणि ज्या फुलासाठी आपण एवढे थांबलो, ते झाडावरून ओरबाडायला त्याचा हात पुढे व्हायचा नाही.